कोर्टानं उडवलेला कर अजून चालूच कसा? (ऑक्टोबर २०२५)

शिरोलीचा डिस्पॅचवाला

नमस्कार मंडळी. इथं वाचतो बरेच दिवस, लिहितोय पहिल्यांदाच. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एका मशीनशॉपला आहे. डिस्पॅच आणि एक्स्पोर्टचे कागद बघतो, २१ वर्षं झाली. भिंतीपलीकडच्या फाउंड्रीतनं कास्टिंग येतं, आमच्याकडं बोअरिंग-ड्रिलिंग होतं, मग धुऊन, तेल मारून लाकडी पेटीत. पंपाच्या बॉडी. पेट्या ट्रकनं न्हावाशेव्याला, तिथनं बोटीनं अमेरिकेला. आमचा तिसरा हिस्सा धंदा त्या एका गिऱ्हाइकावर चालतो. त्यामुळं चहाच्या सुट्टीत वॉर्डातल्या नगरसेवकापेक्षा ट्रम्पचं नाव जास्त निघतं.

तर झालं असं. यंदा, २०२५ ला, गणपती बसले त्याच दिवशी, २७ ऑगस्टला, भारतावरचा अमेरिकेचा आयातकर ५० टक्के झाला. २५ आधीच लागला होता, वर रशियाचं तेल घेता म्हणून आणखी २५. तोंडं उतरलेली सगळ्यांची. आणि शनिवारी सकाळी मोबाईल उघडतोय तर बातमी: अमेरिकेच्या अपील कोर्टानं हा कर बेकायदेशीर ठरवला, ७ विरुद्ध ४. मी आरतीच्या आधीच मालकांना फोन लावला, "साहेब, बाप्पा पावला. कोर्टानं उडवला." मालकांनी शॉपच्या गणपतीपुढं दोन किलो पेढे ठेवले.

सोमवारी त्यांच्याकडं कामगार दिनाची सुट्टी. मंगळवारी मी घरचा गणपती इराणी खाणीत सोडून परत येतोय तर गिऱ्हाइकाची मेल. कर होता तसाच आहे, पुढच्या मालाच्या दरात काहीतरी सोडा. ताणूनताणून शेवटी आठ टक्के सोडले. आठ टक्के म्हणजे आमच्या हातात राहतात त्यातलं जवळजवळ सगळंच. पेढ्यांवरनं मालक मला अजून बोलतात.

वर एक नवीन फॉर्म आला तो वेगळाच. या बॉडीत लोखंड-पोलाद किती किमतीचं, ते वितळवलं कुठं, ओतलं कुठं. मी भिंतीपलीकडं जाऊन फाउंड्रीच्या मिस्त्रीला विचारलं. तो म्हणाला, "भट्टीचा फोटो काढून देऊ काय?"

आता माझा प्रश्न. कोर्टकचेरी मला नवीन नाही. करवीर तालुक्यात आमच्या जमिनीचा दावा आहे, वडिलांनी लावलेला, १९९८ चा. हायकोर्टात गेल्यापासनं प्रत्येक तारखेला महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्रभर जायचं, फोर्टात वडापाव खायचा, दोन मिनिटांत पुढची तारीख घ्यायची आणि रात्रीच्या गाडीनं परत. आता ऑगस्टपासनं इथंच सीपीआर दवाखान्यासमोर हायकोर्टाचं सर्किट बेंच बसतंय, तेवढं बरं झालं. पण ती एवढी मोठी अमेरिका. तिथल्या कोर्टानं बेकायदेशीर म्हटल्यावरसुद्धा कर चालूच राहतो, हे काय गौडबंगाल आहे? आणि खालच्या कोर्टातल्या तीन न्यायाधीशांतला एक खुद्द ट्रम्पनं नेमलेला होता म्हणे. तो नेमणाऱ्याच्याच विरोधात गेला? आणि उद्या कर खरंच रद्द झाला तर आमच्या आठ टक्क्यांचं काय?

जाणकारांनी सोपं करून सांगावं. मालकांना सांगायचंय.

निवृत्त नाझर

डिस्पॅचवाले, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं मला माहीत नाही. पहिल्याचं सांगतो, कारण माझी उभी हयात जिल्हा कोर्टात बेलिफांना वाटा दाखवण्यात गेली.

तुम्ही निकालाला बजावणी समजलात. खालच्या कोर्टात तुमच्या वडिलांच्या बाजूनं हुकूमनामा झाला असेल, तेव्हा दुसऱ्या दिवशी जमिनीचा कब्जा मिळाला का? दरखास्त, म्हणजे बजावणीचा अर्ज, टाकावी लागते. तोवर समोरचा वर जाऊन स्टे आणतो. तिकडं हुबेहूब हेच झालंय. न्यूयॉर्कला आंतरराष्ट्रीय व्यापाराचं एक खास कोर्ट आहे, त्यानं २८ मे रोजी तिन्ही न्यायाधीशांच्या एकमतानं कर रद्द केला. २९ मे रोजी वरच्या अपील कोर्टानं स्टे दिला. एका दिवसात! आपल्याकडं एवढ्या वेळात वकीलपत्रावर तिकीटसुद्धा लागत नाही. मग त्या अपील कोर्टाच्या ११ न्यायाधीशांनी ३१ जुलैला मिळून ऐकलं आणि २९ ऑगस्टला तुम्ही वाचलेला निकाल दिला. त्याच निकालात पुढं असंही होतं की सरकारला वर जायला सवड म्हणून १४ ऑक्टोबरपर्यंत अंमल होणार नाही. बातमीची ही शेपटी तुम्ही वाचली नाही. पेढे तिथं गेले.

पुढं ९ सप्टेंबरला सुप्रीम कोर्टानं प्रकरण स्वतःकडं घेतलं. त्यामुळं आता तिथला निकाल लागेपर्यंत कर चालू.

त्या अपील कोर्टाचं नाव फेडरल सर्किट. आपलं सर्किट बेंच आणि ते, शब्द एकच, पण अर्थ फिरलाय. १७८९ मध्ये त्यांनी कोर्टं उभी केली तेव्हा सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशांनाच घोड्यावर, बग्गीत बसून गावोगाव फिरून न्याय द्यावा लागे. फेरा मारायचा म्हणून सर्किट. वैतागले होते बिचारे. १८९१ मध्ये वेगळी अपील कोर्टं झाली, फेऱ्या संपल्या, नाव राहिलं. ज्या कोर्टानं तुमचा कर उडवला त्या फेडरल सर्किटला तर मुलूखच नाही. १९८२ साली निघालेलं हे कोर्ट पेटंट, कस्टम अशा विषयांवर चालतं, जिल्ह्यांवर नाही. आपलं बेंच मात्र नावाला जागतं. सहा जिल्ह्यांच्या पक्षकारांची रात्रीची गाडी वाचवली.

उत्तरेश्वरचा, सध्या ओहायो

नाझरकाका, छान सांगितलंत. मी उत्तरेश्वर पेठेतला, गेली १२ वर्षं ओहायोत. मीही मशीनिंगच्याच कंपनीत आहे, म्हणजे डिस्पॅचवाल्या काकांच्या पेटीच्या दुसऱ्या टोकाला समजा. पेटी आमची नव्हे, घाबरू नका.

कर बेकायदेशीर का, हे आधी बघू, कारण बाकी सगळं तिथनं निघतं. इथल्या राज्यघटनेत सुरुवातीचीच कलमं काँग्रेसची आहेत. (काँग्रेस म्हणजे इथली संसद. आमच्या आजीला हे पाच वेळा सांगावं लागलं, ती विचारायची ट्रम्प काँग्रेसचा कसा.) पहिल्या अनुच्छेदाच्या आठव्या कलमात सरळ लिहिलंय की कर आणि आयातशुल्क लावायचा अधिकार काँग्रेसचा. राष्ट्राध्यक्षाचा नाही. इंग्लंडच्या राजाशी भांडण मुळात करावरनंच झालेलं, त्यामुळं १७८७ ला घटना लिहायला बसलेल्यांनी हे एका माणसाच्या हातात ठेवलं नाही.

मग ट्रम्पनं लावला कसा? १९७७ चा एक कायदा आहे, आणीबाणीतल्या आर्थिक अधिकारांचा. परदेशातनं असाधारण धोका आला तर राष्ट्राध्यक्ष आणीबाणी जाहीर करून आयातीचं "नियमन" करू शकतो, असं त्यात आहे. आता नियमनात कर येतो का? त्या कलमात कर, शुल्क यांतला एकही शब्द नाही. सरकार म्हणतं, येतो. विरुद्ध बाजू म्हणते, दार लावायची परवानगी दिली म्हणजे दारात बसून जकात गोळा करायची परवानगी दिली असं नव्हे. सगळा खटला त्या एका शब्दावर अडलाय. अगदीच पोकळ युक्तिवाद आहे असंही नाही हं. निक्सननं १९७१ मध्ये शुल्क लागणाऱ्या सगळ्या आयातीवर १० टक्के अधिभार लावला होता, आणि जवळजवळ याच शब्दांच्या जुन्या कायद्याखाली तो कोर्टात टिकला होता.

कोर्टात कोण गेलं ते बघा, मला सगळ्यात गंमत त्याची वाटते. न्यूयॉर्कचा वाईन आयात करणारा एक छोटा व्यापारी. एक प्लास्टिक पाइपवाला. एक मासेमारीच्या गळ-दोऱ्या विकणारा. एक बायकांचे सायकलिंगचे कपडे विकणारी कंपनी. असे पाच जण, आणि वेगळी बारा राज्यं. इलिनॉयमधला मुलांची शैक्षणिक खेळणी करणारा एक जण वेगळा लढतोय. पाच जणांच्या या यादीत एकही बडं नाव नाही. आपल्या गुजरीतले पाच दुकानदार दिल्ली सरकारविरुद्ध उभे राहिले तर कसं, तसं.

बाय द वे, १ ऑक्टोबरपासनं इथं सरकार बंद आहे. काँग्रेसनं खर्चाला मंजुरी दिली नाही की तिजोरीतनं पैसा काढता येत नाही, तेही घटनेतच आहे. पण कस्टमवाले बंदरावर हजर! पगार नाही, तरी कर मात्र चोख घेतायत.

अण्णा इचलकरंजी

एवढं काय डोकं लावताय राव. सुप्रीम कोर्टात नऊ जण, त्यातले सहा रिपब्लिकनांनी नेमलेले, तीन तर ट्रम्पनंच. निकाल आत्ताच सांगतो, ६-३, कर कायम. आमच्या गावात पंच कुणाच्या घरी जेवलाय ते बघून कुस्तीवर पैसे लावतात. पैजेला मिसळ.

शिरोलीचा डिस्पॅचवाला

अण्णा, तसंच असेल तर खालच्या कोर्टातला तो ट्रम्पचा न्यायाधीश का फिरला, हेच तर विचारतोय मी. नाझरसाहेब, तुमचं "शेपटी वाचली नाही" मालकांना वाचून दाखवलं. हसले, पण दरवाजा जोरात लावून गेले.

उत्तरेश्वरचा, सध्या ओहायो

काका, त्याचं उत्तर मजेशीर आहे. त्या व्यापार कोर्टात नऊ न्यायाधीश, आणि कायदाच सांगतो की एका पक्षाचे पाचाहून जास्त नकोत. त्यामुळं ट्रम्पनं नेमलेला तो गृहस्थ मुळात डेमोक्रॅट, म्हणजे विरोधी पक्षाचा. पण म्हणून तो फिरला असं म्हणू नका, कारण त्याच्या शेजारी बसलेली एक न्यायाधीश रेगनच्या काळातली होती आणि तिसरा ओबामाचा. तिघंही एकाच बाजूला.

आणि अण्णा, पंचाच्या जेवणाचं काढलंत म्हणून एक सांगतो. विषय पोलादाचाच आहे, शिरोलीकरांना आवडेल. १९५२, कोरियाचं युद्ध चालू. पोलाद कारखान्यांत संप होणार, युद्धाला माल कमी पडणार, म्हणून ट्रुमननं ८ एप्रिलला देशातले बहुतेक पोलाद कारखाने सरकारी ताब्यात घेतले. कायद्याचा आधार? नव्हता. मी राष्ट्राध्यक्ष, युद्ध चालू आहे, एवढाच. मालक कोर्टात गेले. आता पंच मोजा. सुप्रीम कोर्टातले नऊच्या नऊ न्यायाधीश डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले, त्यातले चार तर खुद्द ट्रुमनचे. निकाल २ जूनला लागला. ६-३, ट्रुमनच्या विरोधात. त्याच्या चारांपैकी दोघं त्याच्यावर उलटले. काँग्रेसनं अधिकार दिला नव्हता, तो तुम्ही घेऊ शकत नाही, एवढाच मुद्दा.

आणि ट्रुमननं काय केलं, तर चरफडत कारखाने परत दिले. मग संप झालाच, ५३ दिवस चालला. निकाल लिहिणाऱ्या न्यायाधीशानं, ब्लॅकनं, नंतर ट्रुमनला घरी जेवायला बोलावलं. म्हणजे पंचाच्या घरी जेवण झालं अण्णा, पण कुस्ती हरल्यावर.

केंद्राच्या न्यायाधीशाला इथं निवृत्तीचं वय नाही. आपल्याकडं सुप्रीम कोर्टात ६५, हायकोर्टात ६२. इथं मरेपर्यंत किंवा स्वतः सोडेपर्यंत. त्याचे तोटे ढीगभर आहेत. ऐंशी ओलांडलेले खुर्ची सोडत नाहीत, आणि एकेका जागेसाठी सिनेटमध्ये रण पेटतं. पण एकदा बसला की नेमणाऱ्यानं दिलेलं काढून घेता येत नाही. म्हणून अण्णांची पैज मी घेत नाही. तुमच्या बाजूनंही नाही आणि विरुद्धही नाही.

निवृत्त नाझर

ट्रुमननं परत दिले, हे महत्त्वाचं. मी नाझर म्हणून विचारतो, दिले नसते तर? आमच्याकडं बेलीफ कोर्टाचा. कोर्टानं सांगितलं की तो ढोल वाजवून जप्तीला जातो. दोनदा मीच गेलोय, एकदा हातकणंगले तालुक्यात म्हैस जप्त करायला. म्हैस मिळाली नाही, तिच्या मालकाच्या शिव्या मात्र पावतीशिवाय मिळाल्या. अमेरिकेत कोर्टाचे हुकूम बजावणारे मार्शल असतात ते न्याय खात्याखाली, म्हणजे शेवटी राष्ट्राध्यक्षाच्याच माणसांच्या हाताखाली. ज्याच्यावर जप्ती त्याच्याच पगारावर बेलीफ. तरी दोनशे वर्षं बहुतेक वेळा ऐकतात, याचंच मला नवल वाटतं.

न्हावाशेव्याचा कागदवाला

डिस्पॅचवाले साहेब, तुमच्या शेवटच्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही, आणि पैसे तिथंच अडकलेत. मी कस्टम हाउस एजंटकडं १५ वर्षं आहे, मूळचा गडहिंग्लजचा.

पहिलं. कर भरला कुणी? तिकडच्या आयातदारानं, त्याच्या नावावर माल उतरला. उद्या सुप्रीम कोर्टानं कर रद्द केला आणि परतावा द्यायचं ठरलं तरी तो त्याला मिळणार. तुम्ही आठ टक्के सोडले ती अमेरिकन सरकारच्या लेखी तुमची खुशी. तुमचं इन्व्हॉइसच कमी दराचं आहे, त्यात कर कुठं दिसतो? म्हणजे गिऱ्हाईक सरकारकडनं कर परत घेणार आणि तुमचे आठ टक्केही त्याच्याच खिशात. असं होणारच असं नाही, पण कागदावर तुमचा हक्क शून्य.

यावर एकच उपाय. आत्ताच, निकालाच्या आधी, मेलवर लिहून घ्या. ही सूट फक्त अमुक कराच्या बदल्यात आहे, कर परत मिळाला तर त्या प्रमाणात आम्हाला क्रेडिट द्यायचं. फोनवर नाही, मेलवर. इन्व्हॉइसवर मूळ दर, खाली सूट वेगळ्या ओळीत. सरसकट कमी दर टाकू नका. निकालानंतर मागायला गेलात तर कोण ओळख देतोय?

दुसरं, आणि हे जास्त वाईट. तुम्हाला वितळवलं कुठं, ओतलं कुठं असा फॉर्म आलाय ना? तो या खटल्यातल्या कराचा नाही. तो १९६२ च्या कायद्याचा, राष्ट्रीय सुरक्षेच्या नावानं पोलाद-ॲल्युमिनियमवर लावलेला, जूनपासनं ५० टक्के. १८ ऑगस्टला त्याच्या यादीत मालाचे आणखी ४०७ कस्टम कोड घातले. तो काँग्रेसनं वेगळ्या कायद्यानं दिलेला अधिकार आहे, सुप्रीम कोर्टासमोर तो विषयच नाही. त्यामुळं तुमच्या बॉडीचा कोड त्या यादीत बसत असेल तर त्यातल्या लोखंड-पोलादाच्या किमतीवरचा कर निकाल काहीही लागला तरी राहणार. गिऱ्हाइकाच्या ब्रोकरला विचारा, कुठल्या भागावर कुठला कर लावताय, लेखी द्या. मालकांना पेढ्यांआधी हे सांगा.

अण्णा इचलकरंजी

हे मात्र बोललात. आमच्या सुताच्या धंद्यातही सूट दिली की ती दिलीच, परत कुणी आणून देत नाही. पण मिसळीची पैज अजून उघडी आहे.

शिरोलीचा डिस्पॅचवाला

सगळ्यांचे आभार. चार दिवस लिहिलं नाही कारण कागदवाल्यांचं वाचून आधी कामाला लागलो.

जुनी सगळी इन्व्हॉइसं काढली. २७ ऑगस्टनंतरची तीन. तिन्हीवर सरळ कमी दर टाकलाय, मीच टाकलाय, सूट वेगळी दाखवायचं डोक्यातच आलं नाही. मालकांना सांगायला जाताना पाय जड झाले होते. पण ते ओरडले नाहीत. म्हणाले, "मेल लिही, मी बघतो." इंग्रजी माझं कामापुरतं, ओहायोवाल्या दादांनी रात्री जागून मसुदा नीट करून दिला, त्यांचे वेगळे आभार. गिऱ्हाइकाचं उत्तर दोन दिवसांनी आलं. पुढच्या मालापासनं सूट वेगळ्या ओळीत दाखवायला हरकत नाही, परतावा मिळाला तर निम्मं क्रेडिट देऊ. मागच्या तिन्हीबद्दल एक अक्षर नाही. म्हणजे ते गेले.

ब्रोकरचाही कागद आला. एक बॉडी पोलादाच्या यादीत बसते, दुसरी नाही. भिंतीपलीकडं एकाच भट्टीत ओतलेल्या, एकाच शेल्फवर ठेवलेल्या. मिस्त्रीला सांगितलं तर त्यानं दोन्ही हातात घेऊन बघितल्या, मग म्हणाला, "हिच्यात काय राष्ट्रीय धोका आहे?"

परवा सर्किट बेंचला आमचं मॅटर लागलं होतं. सकाळी घरनं डबा खाऊन गेलो, साडेअकराला तारीख मिळाली, एकला शॉपवर होतो. तारीख ती तारीखच, पण रात्रीची झोप मिळाली. बाहेर आमच्या वकिलांना तिकडचा खटला सांगितला. ते म्हणाले, तीन महिन्यांत खालच्या कोर्टातनं वर निकाल? आणि बराच वेळ गप्प बसले.

सुनावणी ५ नोव्हेंबरला आहे असं वाचलं. बघायला मिळते का ती?

उत्तरेश्वरचा, सध्या ओहायो

काका, बघायला नाही, ऐकायला मिळते. कॅमेरा ते आत येऊ देत नाहीत, आवाज मात्र थेट सोडतात. इथं सकाळी १० ला सुरू, तोवर आमची घड्याळं मागं गेलेली असतील, म्हणजे तुमच्याकडं रात्रीचे साडेआठ. निकाल त्या दिवशी नाही हं. नुसते प्रश्नोत्तर. शेपटी वाचा.

शिरोलीचा डिस्पॅचवाला

कॅलेंडर बघितलं. ५ ला त्रिपुरारी पौर्णिमा. म्हणजे पहाटे घरच्यांना घेऊन पंचगंगा घाटावर दिवे लावायला, दिवसभर शॉप, आणि रात्री साडेआठला इअरफोन. मालक म्हणाले, मोबाईल माझ्या केबिनमध्ये स्पीकरवर लाव, मलाही ऐकायचंय. पेढे आणायचे नाहीत म्हणून आत्ताच बजावून ठेवलंय.